सासूबाई टेकडीवर आल्या

हॉस्पिटलची जीप फाटकातून आत आली तेव्हा नाम्वेझी चुलीवर पाणी तापवत होती. निलगिरीची पानं टाकलेल्या त्या पाण्याचा वास अंगणभर पसरला की शिवणाच्या खोलीतल्या बायका मशीन थांबवून खिडकीत येत, आज कोण आलं ते बघायला. सिस्टर्सच्या घरात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिली अंघोळ घालायचं काम नाम्वेझीकडे होतं. ते तिनं मागून घेतलं होतं. ती स्वतः आली तेव्हा तिला अंघोळ घालणाऱ्या बाईनं प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी विचारलं होतं. जंगलातून सुटून आल्यावर तिला असं विचारणारं ते पहिलंच माणूस.

"म्हातारी आहे गं," सिस्टर जेनेरोज जीपकडून धापा टाकत आल्या. जाडजूड बाई, दहा पावलं चालल्या तरी चेहरा घामानं निथळायचा. "वालुंगूकडची. बरेच दिवस हॉस्पिटलात होती, टाके सुकलेत. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, सिस्टरांच्या टेकडीवर. बाकी बोलत नाही. सांभाळून घे."

"घेते," नाम्वेझी म्हणाली आणि बादली उचलून न्हाणीघरात गेली.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. डोक्यावरून घोंगडी घेतलेली. नाम्वेझीनं पाण्याला विसण घातलं, हातानं पाहिलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "माझं नाव नाम्वेझी. तुम्हाला काही सांगायला लागणार नाही. मी विचारीन, तुम्ही नको म्हणालात तर थांबेन. डोक्यावरची घोंगडी काढू का?"

म्हातारीनं स्वतःच घोंगडी मागं सारली.

मान तीच होती. मानेवरचा भाजल्याचा डागही तोच. तिच्या मुलाच्या, आशुझाच्या बारशाला उकळती पेज उडाली होती, तेव्हाचा. नाम्वेझीच्या हातातलं भांडं बादलीत पडलं, पाणी उडून तिनं अंगाभोवती गुंडाळलेलं कापड भिजलं, तरी तिला ते कळलं नाही.

"आधीच सांगायला हवं होतं," म्हातारी भिंतीकडेच बघत म्हणाली. "पण मग तू आत आली नसतीस."

ही तिच्या थोरल्या दिराची, कुलिमुशीची आई. नाम्वेझीची सासू. जिनं एका सकाळी नाम्वेझीचं ताट आणि कप घराबाहेर, कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन ठेवला होता आणि त्याच आठवड्यात तिचं गाठोडंही. ज्वारीच्या शेतातून नाम्वेझीला बंदूकवाल्या माणसांनी ओढून नेलं होतं, कितीतरी दिवस जंगलात ठेवलं होतं. ती पाय ओढत परत आली तेव्हा तिला वाटलं होतं, सगळ्यात वाईट ते संपलं. सासू दारात उभी होती. "या उंबऱ्याच्या आत नको," एवढंच म्हणाली होती. दोन वर्षांचा आशुझा तिच्या कडेवर होता आणि आईला बघून हात पसरत होता.

आता न्हाणीघरात नाम्वेझीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो त्याचाच. "आशुझा?"

"जिवंत आहे. त्याला कुणी हात लावला नाही. जोझियानकडे आहे."

जोझियान म्हणजे नणंद. त्या घरातली ती एकटीच वर्षातून एकदा, नवऱ्याला न सांगता, टेकडी चढून यायची.

नाम्वेझी बाहेर आली. सिस्टर व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या. तिच्याकडे बघून त्या उठल्याच.

"काय झालं? तोंड उतरलंय तुझं."

"माझी सासू आहे ती."

सिस्टर पुन्हा खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तू जा. मी कुणाला तरी दुसरीला सांगते. अंघोळ घालायला तुझीच काय जरूर."

नाम्वेझी उभी राहिली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. कारण धक्क्याच्या पाठोपाठ तिच्या मनात एक आनंद वर आला होता, काळा, तोंडाला पाणी सुटावं तसा. भोग आता, असं काहीतरी. एवढ्या वर्षांच्या प्रार्थना, उपास, सिस्टरांच्या सगळ्या गोष्टी त्या एका क्षणात धुऊन गेल्या होत्या.

"पाणी गार होईल," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं विचारलं, "हात धुऊ का?" म्हातारीनं हात पुढे केला. "पाठ?" म्हातारी वाकली. "पाय?" त्या वेळी मात्र म्हातारीनं गुडघे जवळ घेतले आणि ती "थांब" म्हणाली. नाम्वेझी थांबली. दोघी तशाच, एक स्टुलावर आणि एक ओल्या जमिनीवर बसून राहिल्या. बाहेर शिवणाची मशीनं पुन्हा सुरू झाली होती.

"आता धू," म्हातारी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत सगळ्या घराला कळलं होतं. या घरात कुणी कुणाला काही विचारायचं नाही असा नियम होता आणि तो अशा वेळी कुणीच पाळत नसे.

"सासू सासरी असते असं ऐकलं होतं बाई," पाव भाजणारी वुमिलिया परातीत कणीक आपटत म्हणाली. "तुझी माहेरीच येऊन बसली."

बायका हसल्या. नाम्वेझीही हसली, आणि मग तिला इतकं रडू आलं की वुमिलियानं पिठाच्या हातानंच तिला जवळ घेतलं.

"नको असेल तर सांग तसं," वुमिलिया हलक्या आवाजात म्हणाली. "सिस्टर तिला दुसऱ्या घरी पाठवतील. गोमा शहराकडेही आहे एक, पास्टर लोकांचं. तुझा हक्क आधी."

"मी काय सांगू? कुठल्या तोंडानं सांगू? मी आले तेव्हा मला कुणी नको म्हटलं असतं तर?"

"तू सोस मग," वुमिलिया म्हणाली आणि पुन्हा कणीक आपटायला लागली.

म्हातारी अंगणाच्या कडेला चटईवर बसून राहायची. प्रार्थनेला यायची, जेवायची, कुणाशी बोलायची नाही. नाम्वेझी तिच्यापुढं ताट ठेवी आणि निघून जाई. आशुझाबद्दल शंभर प्रश्न तिच्या ओठांवर येत. दात पडले का, शाळेत जातो का, रात्री अजून अंगठा चोखतो का. पण विचारायचं म्हणजे हिच्याकडून काहीतरी मागायचं, आणि तेवढं मात्र तिच्यानं होईना.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर म्हातारीची मुलं आली.

थोरला कुलिमुशी पुढं होता. बुकावू शहरात त्याचं सिमेंटचं दुकान, चर्चच्या कमिटीत नाव. पॉलिश केलेले बूट घालून टेकडी चढला होता आणि आता त्यांना तांबडा चिखल घोट्यापर्यंत लागला होता. मागं जोझियान. आणि सगळ्यांच्या मागं, फाटकातून आत यावं की नाही अशा विचारात, बागाल्वा. नाम्वेझीचा नवरा. तो खाणीवर कामाला होता, तिकडंच त्याची दुसरी बायको होती. त्याचे केस कपाळावर विरळ झाले होते. नाम्वेझीला बघून त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

एवोकॅडोच्या झाडाखाली बाकं मांडली होती. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या आईची इच्छा असेल तरच भेट. आणि त्या म्हणाल्यात, नाम्वेझीनं इथं बसायचं."

नाम्वेझीला हे माहीत नव्हतं. ती चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"ही घरातली बाब आहे, सिस्टर," कुलिमुशी म्हणाला.

"म्हणूनच," म्हातारी म्हणाली. "बस, नाम्वेझी."

नाम्वेझी बाकाच्या टोकाला बसली. कुलिमुशीनं तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"आई, गाडी खाली उभी आहे. माझ्या घरी चल. हॉस्पिटलनं आम्हाला न विचारता तुला इथं पाठवलं, त्यांच्याशी मी बोलणार आहे."

"मीच सांगितलं त्यांना."

"तुला बरं नव्हतं, तू काहीही बोलली असशील. लोकांना मी सांगितलंय, घरात चोर शिरले, तुला ढकललं, तू पडलीस. सगळ्यांना पटलंय. पण तू इथं राहिलीस तर कसं पटेल? या टेकडीवर कसल्या बायका राहतात ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो नाम्वेझीकडे वळला. "तुला नव्हतो म्हणालो."

"मलाच म्हणालात, भाऊजी," नाम्वेझी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला.

"कुठल्या खोलीत ठेवणार आहेस आईला, दादा?" जोझियाननं विचारलं.

"माझ्या घरात म्हणजे माझ्या घरात."

"मागच्या गोदामात. सिमेंटच्या पोत्यांशेजारी खाट टाकलीय मोठ्या वहिनीनं. मी पाहून आले. ताटवाटी वेगळी काढून ठेवलीय, त्याच्यावर खूण केलीय लाल रंगाची. मुलांना सांगितलंय, आजीच्या जवळ जायचं नाही."

"डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितलं म्हणून."

"असं काही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

कुलिमुशीच्या मानेवरची शीर फुगली. तो आईकडे वळला आणि आता त्याचा आवाज फाटला. दुकानदाराचा, कमिटीवाल्याचा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, उरला तो एखाद्या घाबरलेल्या पोराचा.

"तू दार का उघडलंस, आई? तेवढं सांग मला. आळीत कुणी उघडलं नाही. सगळे आत दबून राहिले आणि वाचले. तुझं दार तर मी स्वतः करून घेतलेलं, जाड फळ्यांचं, लोखंडी अडसर. ते तुटलेलं नव्हतं. मी जाऊन पाहिलं. आतून उघडलेलं होतं. झोप येत नाही मला. का उघडलंस?"

म्हातारीनं चहाचा कप खाली ठेवला.

"दार त्यांच्यानं मोडत नव्हतंच," ती म्हणाली. "उजाडत होतं. दोन लाथा मारल्या आणि ते घराच्या मागच्या बाजूला गेले. मागची भिंत मातीची. तिथं त्यांनी कुदळ घातली. आतून मला ढेकळं पडताना दिसली. त्या भिंतीला लागून आशुझा झोपलेला."

बागाल्वाच्या हातातली टोपी फिरायची थांबली.

"पोराला हलवलं, तर ते ओरडेल असं वाटलं. त्याच्या तोंडावर हात ठेवला. किती वेळ ठेवणार? तसल्या पोरांना ते उचलून नेतात, बंदुका देतात हातात. तुम्हाला माहीत आहे. मग मी त्याला म्हटलं, भिंत फुटायची थांबली की त्या भोकातून निघ आणि केळीत पळ, मागं बघू नकोस. आणि पुढचं दार उघडलं. बाहेर जाऊन हाक मारली त्यांना. इकडे या म्हटलं."

"हाक मारली," बागाल्वा म्हणाला. आल्यापासून त्याचा तो पहिला शब्द.

"नाहीतर ते पुढं कशाला आले असते?"

जोझियाननं ओढणी तोंडात कोंबली होती. सिस्टरांचे डोळे मिटलेले. कुलिमुशी आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघत होता. नाम्वेझी उठली, झाडामागं गेली आणि तिला उलटी झाली. माझ्या मुलासाठी. जिनं मला त्याच्यापासून तोडलं, तिनं माझ्या मुलासाठी. दोन्ही एकाच बाईनं केलं होतं. यातली एक गोष्ट धरली की दुसरी सुटत नव्हती. हिचा राग करायचा तर ते पोर डोळ्यांपुढं यायचं, केळीतून अनवाणी पळणारं. आणि हिच्या पाया पडायचं म्हटलं तर खुराड्यावरचं ते ताट.

ती तोंड धुऊन परत आली तेव्हा कुलिमुशी खालच्या आवाजात बोलत होता.

"हे बाहेर कुणाला सांगू नकोस, आई. झालं ते झालं. मी तुला गोदामात ठेवणार नाही, पुढच्या खोलीत ठेवीन. बायकोशी बोलतो मी. पण सांगू नकोस."

"कुलिमुशी, हिचं ताट मी बाहेर ठेवलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतं?"

"जुन्या गोष्टी कशाला आता."

"म्हणालास, आईचं बरोबर आहे. बागाल्वा काहीच म्हणाला नाही, शेळ्या मोजत बसला होता. जोझियान रडली तिला मी थोबाडीत दिली. तेव्हा घरात कुणी एक माणूस जरी उठून म्हणालं असतं की आई, हे चुकतंय, तरी मी ऐकलं नसतं. मी तशीच होते." तिनं श्वास घेतला. "हॉस्पिटलात मला विचारलं, कुणाकडे जायचं. मी एकेकाचं घर डोळ्यांपुढं आणलं. प्रत्येक घरात मला माझं ताट बाहेर दिसलं. मी शिकवलं ते तुम्ही शिकलात. मी इथंच राहणार. ही ठेवून घेईल तोवर."

ती प्रथमच नाम्वेझीकडे वळली. नाम्वेझी ट्रेमधले कप सारखे करत राहिली.

"आणि आशुझा इकडे येईल," म्हातारी म्हणाली. "त्याच्या आईकडे."

आता कुलिमुशी ताडकन उठला. "ते जमणार नाही. तू राहा, तुझी मर्जी. मुलगा आमच्या घराण्याचा आहे. त्याच्या बापानं लग्नात गायी दिल्यात या बाईच्या बापाला. सिस्टरांच्या घरात बायकांच्या घोळक्यात वाढणार का तो? लोक तोंडावर थुंकतील."

"घराणं त्या पहाटे कुठं होतं?" जोझियान म्हणाली. "मी ठेवलंय त्याला, दादा. तू नाही. तुझ्या बायकोनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं. माझा नवरा रोज विचारतो, कधी जाणार म्हणून. आशुझा आईकडे जाईल."

"हे ठरवणारी तू कोण?"

"मग बापाला विचार."

सगळे बागाल्वाकडे बघायला लागले. नाम्वेझीनंही पाहिलं. लग्न झाल्यापासून तिनं या माणसाला मोठ्या भावासमोर तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. कुठलं बियाणं पेरायचं, कुठली शेळी विकायची, सगळं दादा. ती जंगलातून आली त्या सकाळीसुद्धा त्यानं आधी दादाकडे पाहिलं होतं, मग आईकडे, आणि तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"बागाल्वा," कुलिमुशी म्हणाला, "विचार करून बोल."

बागाल्वाची टोपी त्याच्या हातातून खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"आणतो त्याला," तो म्हणाला. "नाही, मी नको. जोझियान आणेल. माझ्याबरोबर तो यायचा नाही, त्याला माझी ओळख कमी आहे." मग त्यानं नाम्वेझीकडे पाहिलं. "तूही चल. गावी चिशालीला आपलं घर दुरुस्त करतो. मागची भिंत विटांची बांधतो. आई, तू, पोर. मी तिकडचं सगळं सोडून देतो."

"तिकडं तुझी बायको आहे," नाम्वेझी म्हणाली. "तिला सोडू नकोस. तिनं काय केलंय?"

"नाम्वेझी, मी त्या दिवशी..."

"मुलगा पाठव. बाकी काही नको मला."

कुलिमुशी चहा न पिता उतरून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण गाडी बराच वेळ हलली नाही. बागाल्वा पायी गेला.

*

पुढच्या रविवारपर्यंत नाम्वेझीचं कशातच लक्ष नव्हतं. पाव करपले. एका नव्या मुलीला अंघोळ घालताना ती विचारायलाच विसरली, आणि मुलगी किंचाळल्यावर दोघी घाबरल्या. रात्री म्हातारीच्या खाटेजवळून जाताना ती थांबली.

"अंगठा चोखतो का अजून?"

म्हातारी जागीच होती. "नाही. दात पुढं यायला लागले म्हणून मी तिखट लावलं होतं. डाव्या हातानं लिहितो. मास्तर मारतात, तरी डाव्याच हातानं लिहितो. तुझ्या बापासारखा."

नाम्वेझी खाटेच्या कडेला टेकली. म्हातारी सांगत राहिली. त्याला तलावातली छोटी मासळी आवडते, डोळे तेवढे काढून टाकतो. विजेला घाबरतो. गाणी चांगली म्हणतो पण कुणी ऐकतंय असं कळलं की गप्प. नाम्वेझी सगळं पिऊन घेत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता, कारण ती या बाईच्या तोंडून कळत होती.

"मला क्षमा करशील का?" म्हातारीनं मध्येच विचारलं.

"आज नाही," नाम्वेझी म्हणाली. "पुढं सांगा."

रविवारी दुपारी जोझियान त्याला घेऊन आली. अंगात शाळेचा पांढरा शर्ट, बाहीला ठिगळ. पाय लांब झालेले, गुडघे खरचटलेले. अंगणातल्या बायका आपोआप बाजूला सरल्या. नाम्वेझीनं सकाळपासून शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना.

तो तिच्यासमोरून पळत गेला आणि म्हातारीच्या मांडीत शिरला. "आजी, मी मागं बघितलं नाही," तो म्हणाला. "तू सांगितलंस तसं. एकदाही बघितलं नाही."

"शहाणा तू," म्हातारी म्हणाली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आता बघ. मागं बघ. कोण उभं आहे?"

आशुझानं वळून पाहिलं. बराच वेळ बघितलं. त्याचे डोळे तिचेच होते आणि त्यात ओळखीचं काही नव्हतं.

"जोझियान आत्या म्हणाली ही माझी आई आहे." तो आजीशीच बोलत होता. "पण तू तर म्हणाली होतीस, ती मेली."

वुमिलियाच्या हातातली पाटी तशीच राहिली. आपल्याला हाकललं होतं हे नाम्वेझी जाणून होती. तिला पुरलंही होतं, हे आज कळत होतं. रात्र रात्र त्याच्याबद्दल सांगणारी ही बाई एवढी एक गोष्ट गिळून बसली होती.

म्हातारीनं मान खाली घातली नाही. "मी खोटं सांगितलं होतं, बाळा," ती म्हणाली. "तू रोज विचारायचास, कधी येईल. मला उत्तर देता येईना."

आशुझानं ते ऐकून घेतलं. मग तो उठला, दोन पावलं पुढं आला आणि नाम्वेझीसमोर, हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हिशेब चुकल्यासारखा गोंधळ होता.

"मृतांच्या सणाला मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावतो," तो म्हणाला. "दर वर्षी. फादर म्हणाले, त्यानं मेलेल्या माणसाला वाट दिसते."

नाम्वेझी गुडघ्यांवर बसली. आता दोघांचे चेहरे समोरासमोर आले.

"तुला हात लावू का?" तिनं विचारलं.

त्यानं आजीकडे बघितलं नाही. जरा विचार केला आणि आपला डावा हात पुढं केला.